एच-वन रजिस्टर दुकानाबाहेर कधी येणार? सवय लावणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि राज्याची देखरेख

गिरणाई, जळगाव

सर्व सभासदांना नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. माझे अनेक माजी विद्यार्थी आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मेडिकल चालवतात. त्यांच्याशी बोलताना एक विषय हटकून निघतो. झोपेसाठी व चिंतेवर दिली जाणारी अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, वेदनाशामक ट्रामाडोल यांसारख्या गोळ्या आणि कोडीन हे अफूजन्य द्रव्य असलेली खोकल्याची औषधे चिठ्ठीवर किती जातात, चिठ्ठीविना किती जातात आणि सरकारची नजर यांपैकी नेमकी कशावर आहे? शेजारच्या मालेगावात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकली जाते हे आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत, आणि धुळ्यातही ते नाव आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. औषध नियमांत 30 ऑगस्ट 2013 च्या अधिसूचनेने ‘अनुसूची एच-वन’ जोडली गेली आणि ती 1 मार्च 2014 पासून लागू झाली. तीत 46 औषधे होती. त्यांतली बहुतेक प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील औषधे असली, तरी अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल, कोडीन, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही सवय लावणारी औषधेही त्याच यादीत आहेत. ही औषधे विकताना चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहायची, ती वही तीन वर्षे जपायची आणि औषध निरीक्षकांनी मागितली की दाखवायची, असा नियम आहे.

ही वही मी बऱ्याच दुकानांत उघडून पाहिली आहे. प्रामाणिक दुकानातील नोंदी वेगवेगळ्या शाईत आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत घाईने केलेल्या असतात. कुठे डॉक्टरांचे नाव अर्धवट असते, कुठे रुग्णाच्या नावापुढे नुसते गाव. दुसऱ्या प्रकारच्या वहीत आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, एका बैठकीत उतरवलेल्या दिसतात. सगळ्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांच्या आणि प्रत्येक रुग्णाला बरोबर दहा गोळ्या. तपासणीच्या दिवशी दोन्ही वह्या पूर्ण भरलेल्या असतात, आणि शिक्का दोन्हींवर सारखाच पडतो. गोळ्यांच्या पाकिटावर डॉक्टरांच्या सल्ल्याविना हे औषध घेणे धोक्याचे आहे असा इशारा लाल चौकटीत छापलेला असतो. पण कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून दिल्या की ती चौकट कधी अर्धी कापली जाते, तर कधी सबंध दुकानातच राहते. ज्याच्यासाठी ती छापली, त्याच्या हाती बिननावाचा चंदेरी तुकडा पडतो.

माझा मुख्य मुद्दा मात्र अप्रामाणिक दुकानाविषयी नाही. अत्यंत प्रामाणिक दुकानदाराच्या वहीलाही शंभर पावलांवरच्या दुसऱ्या मेडिकलच्या वहीत काय लिहिले आहे ते कळत नाही. एकच माणूस सोमवारी जळगावात, मंगळवारी भुसावळात आणि बुधवारी चोपड्यात त्याच चिठ्ठीवर गोळ्या घेऊ शकतो, आणि तिन्ही वह्या आपापल्या जागी निर्दोष राहतात. वास्तविक याला अटकाव करणारी तरतूद नियम 65 मध्ये फार जुनी आहे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे आणि देताना त्या चिठ्ठीवरच, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचे नाव, पत्ता व तारीख लिहायची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी ही गोष्ट दर वर्षी वर्गात शिकवते. प्रत्यक्षात अशी नोंद असलेली चिठ्ठी क्वचितच नजरेस पडते.

अमेरिकेतील राज्यांनी या वह्या एकमेकींना जोडल्या. कॅलिफोर्नियाने 1939 मध्येच अशा चिठ्ठ्यांची एक प्रत राज्याकडे मागवायला सुरुवात केली होती. ओक्लाहोमाने 1991 मध्ये ही माहिती संगणकावरून घेणे सुरू केले, तर न्यूयॉर्कने 2013 पासून चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी ही नोंद पाहणे बंधनकारक केले. आता बहुतेक राज्यांत दुकानातून औषध गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत ते राज्याच्या नोंदीत येते. मिझुरी राज्यात अनेक वर्षे असा कायदा होऊ शकला नाही. तो 2021 मध्ये झाला. परंतु त्याआधीच, 2017 मध्ये, तेथील सेंट लुईस परगण्याने स्वतःच्या अधिकारात अशी नोंदणी सुरू केली, इतर परगणे तिला जोडले गेले आणि राज्याची बहुतांश लोकसंख्या तिच्या कक्षेत आली. राज्याने पाऊल उचलण्याची वाट न पाहता एका जिल्ह्याएवढ्या भागाने सुरुवात केली, हे मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते.

खानदेशाची गरज इतर भागांहून अधिक आहे, याचे कारण आपला नकाशा. आग्रा रोड शिरपूर, पळासनेरवरून सेंधव्यात उतरतो, नवापूर ओलांडले की गुजरात आणि रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर. तीन राज्यांची औषध प्रशासने या पट्ट्यात एकमेकांना लागून आहेत, आणि कोणाचीही नोंद दुसऱ्याला दिसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थांविषयीची समन्वय समिती असते. तिच्यापुढे तिन्ही जिल्ह्यांतून एकच अर्ज द्यावा, असे माझ्या मनात आहे : एच-वनमधील केवळ सवय लावणाऱ्या औषधांची नोंद संगणकावर एकत्र करावी आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना व औषध देणाऱ्या फार्मासिस्टना ती पाहता यावी. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी यातील उणिवा दाखवाव्यात, अशी विनंती आहे.


मेडिकल_शिरपूर

मॅडम, आपण मांडलेले सर्व खरे आहे, तरीही मला वाटते की आपण नदीच्या मुखाशी बांध घालत आहात आणि पाणी वरच्या अंगाने फुटते आहे.

माझे दुकान महामार्गालगत आहे. माझ्याकडे चिठ्ठी घेऊन येणारा माणूस महिन्याला गोळ्यांचे एक-दोन पत्ते नेतो. नशेसाठी जो माल फिरतो तो पत्त्यांनी नव्हे, खोक्यांनी फिरतो, आणि त्याचा कोणत्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीशी काडीचा संबंध नसतो. तो कसा बाहेर पडतो हे व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. एखादे दुकान बंद पडलेले असते, पण त्याचा परवाना जिवंत असतो. घाऊक विक्रेत्याकडून त्या दुकानाच्या नावे बिल फाटते, माल मात्र तिकडे जातच नाही. कागदावर कंपनीपासून दुकानापर्यंत साखळी अखंड दिसते आणि तिची शेवटची कडी ओस पडलेली असते. कुठे फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेतलेले असते, मालक वेगळाच असतो आणि प्रमाणपत्रवाला महिन्यातून एकदा सह्या करायला येतो. अशा दुकानातील एच-वन वही संगणकावर आणली तर खोटी माहिती अधिक सुबक दिसेल, एवढाच फरक पडेल.

त्यामुळे चिठ्ठीची नोंद एकत्र करण्याआधी, किंवा निदान तिच्याबरोबरच, घाऊक विक्रीची नोंद दुकानाच्या विक्रीशी ताडून पाहायला हवी. अमुक बॅचच्या पाच हजार गोळ्या तालुक्यातील तमुक दुकानाला गेल्या आणि त्या दुकानाच्या वहीत सहा महिन्यांत दोनशेच उतरल्या, तर उरलेल्या कुठे आहेत हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे. आज तो कोणी विचारत नाही, कारण घाऊक विक्रेत्याची कागदपत्रे एका फायलीत असतात आणि माझी वही माझ्या गल्ल्याखाली.

दुसरी गोष्ट काउंटरवरच्या माणसाची. रात्री दहा वाजता तीन-चार तरुण मोटरसायकलींवर येतात, मोबाइलवर कोणत्या तरी चिठ्ठीचा अस्पष्ट फोटो दाखवतात आणि गोळ्या मागतात. नाही म्हटले तर दुकानाची काच शाबूत राहील याची खात्री नसते. दुकानात कॅमेरा लावल्याचा थोडा उपयोग झाला. राज्याची एकत्रित नोंद असेल, तर “संगणकच बिल काढू देत नाही” असे सांगता येईल. माझ्यासारख्याला तिचा हा फायदा सर्वांत मोठा वाटतो.


सातपुडा, शहादा

मी औषधव्यवसायातील नाही, म्हणून थोडे वेगळे लिहितो. माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग होता. अखेरच्या महिन्यांत वेदना इतक्या असत की ते उशीचा कोपरा दातांत धरून बसत. मॉर्फिनच्या गोळ्यांची चिठ्ठी आमच्याकडे होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती व्यवस्थित लिहून, सही-शिक्क्यासह दिली होती. ती घेऊन मी आधी शहाद्यात आणि मग नंदुरबारात हिंडलो. कोणी “आम्ही ठेवत नाही” म्हणाले. एका ठिकाणी तर चिठ्ठी हातात घ्यायलाही नकार मिळाला, जणू मी काही गुन्हा करायला आलो होतो. शेवटी दर वेळी नाशिकला जाऊन गोळ्या आणाव्या लागल्या.

देखरेखीला माझा विरोध नाही. परंतु देखरेखीचा धाक प्रथम कोणाला बसतो याचा विचार व्हावा. गुन्हेगाराला तो सर्वांत शेवटी बसतो, आणि सरळमार्गी डॉक्टर व दुकानदार सर्वांत आधी हात आखडता घेतात. पुढे मी या विषयावर जे वाचले त्यावरून कळले की हे देशभर घडले आहे. अंमली पदार्थविरोधी कायदा 1985 मध्ये आला आणि त्यातील कडक शिक्षा व परवान्यांच्या जंजाळामुळे भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 1997 पर्यंत सुमारे 97 टक्क्यांनी घटून वर्षाला अवघ्या 18 किलोंवर आला. आपल्याच देशात सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होत असताना तिच्यापासून बनणारे मॉर्फिन आपल्याच कर्करुग्णांना मिळत नव्हते. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची सुटसुटीत पद्धत आली. कायदा सुधारला तरी धडगाव-मोलगीच्या माणसापर्यंत ते औषध पोहोचलेले नाही. नव्या नोंदणीने त्याची वाट आणखी अवघड होऊ नये.


नाना, अमळनेर

मी निवृत्त शिक्षक आहे. वरील सर्वांचे म्हणणे वाचले. माझ्या शाळेतून गेलेली काही मुले मी बसस्थानकामागे कोणत्या अवस्थेत पाहिली आहेत ते येथे लिहिणार नाही, कारण त्यांचे आईवडील गावातच आहेत. नोंदणीच्या बारीकसारीक चर्चेत आणखी पाच वर्षे जातील. चिठ्ठीविना अशा औषधाची बाटली विकणाऱ्याचा परवाना पहिल्याच गुन्ह्यात कायमचा रद्द करावा आणि नशा करणाऱ्यालाही कायद्याचा बडगा दाखवावा. अतिशय मवाळपणा झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.


मनोविकार_धुळे

नानांची कळकळ मी समजू शकतो. परंतु गोळ्या घेणाऱ्यावर बडगा उगारल्याने काय होते, ते माझ्या बाह्यरुग्ण विभागात मला रोज दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

झोपेच्या गोळ्यांचे रुग्ण दोन प्रकारचे असतात आणि आपण केवळ एकाच प्रकाराविषयी बोलत आहोत. पहिला प्रकार बसस्थानकामागच्या तरुणांचा. दुसरा प्रकार घराघरांत आहे आणि त्याची कोणी बातमी करत नाही. साठीतील एखादी आजी दहा वर्षांपूर्वी पतीच्या निधनानंतर पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी आजही घेत असते. ती मेडिकलवाल्याला सांगते, “भाऊ, रातले झोप येस नही,” आणि तो ओळखीने एक पत्ता देतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो; पण आजी रात्री उठताना पडते आणि मांडीचे हाड मोडून घेते, तेव्हा त्या गोळीचा त्यात वाटा असू शकतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, 10 ते 75 वयोगटातील सुमारे 1.08 टक्के लोक गुंगी आणणारी औषधे वैद्यकीय कारणाविना घेत होते. म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे. अफूजन्य औषधी गोळ्यांच्या बाबतीत हे प्रमाण 0.96 टक्के होते. एवढ्या लोकांना तुरुंगात टाकता येणार नाही, आणि औषध एकाएकी बंद करणे तर त्याहून घातक ठरेल. अल्प्राझोलामसारखी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्याने अचानक थांबवली, तर फिट येऊ शकते आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. मात्रा आठवड्यागणिक आणि कधीकधी महिन्यागणिक थोडीथोडी उतरवावी लागते.

गिरणाईताईंनी अमेरिकेच्या अनुभवाचा पूर्वार्ध सांगितला. उत्तरार्धही येथे यायला हवा. फ्लोरिडात 2010 च्या सुमारास वेदनाशामक गोळ्या सर्रास विकणारी चिकित्सालये इतकी बोकाळली होती की केंटकीसारख्या दूरच्या राज्यांतून लोक गाड्या करून तेथे येत. राज्याने त्यांच्यावर निर्बंध आणले, डॉक्टरांना स्वतः अशा गोळ्या विकण्यास मनाई केली आणि 2011 मध्ये चिठ्ठ्यांची नोंदणी सुरू केली. 2010 ते 2012 या काळात तेथील ऑक्सिकोडोन या वेदनाशामकामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. हे यश खरे आहे. परंतु देशभर पाहिले तर त्याच सुमारास हेरॉइनमुळे आणि पुढे बेकायदा फेंटानिलमुळे होणारे मृत्यू झपाट्याने वाढले, आणि 2022 मध्ये अमेरिकेत अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने एका वर्षात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे गेली. सारा दोष नोंदणीचा आहे असे मी म्हणत नाही. पण गोळ्या मिळेनाशा झाल्यावर त्या माणसाला पुढे कोणता दरवाजा उघडा ठेवला होता, हा प्रश्न तेथे फार उशिरा विचारला गेला.

आणखी एक. तेथील रोगनियंत्रण केंद्राने 2016 मध्ये वेदनाशामकांच्या मात्रेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या केवळ सूचना असताना अनेक राज्यांनी आणि विमा कंपन्यांनी त्यांचे कठोर नियम बनवले, डॉक्टरांनी जुन्या रुग्णांची औषधे घाईने तोडली आणि अखेर 2022 मध्ये त्या सूचना सुधारून घ्याव्या लागल्या. त्यामुळे आपल्याकडे नोंद एकत्र झालीच, तर तिच्यात कोणाच्या नावापुढे धोक्याची लाल खूण दिसताच रुग्णाला हाकलून देणे हा तिचा उपयोग होता कामा नये. लाल खूण दिसलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत पोहोचवण्याची सोय त्याच दिवशी असली पाहिजे.


एक वाचक, चोपडा

डॉक्टरसाहेब, आपले लिहिणे वाचून काळजी वाटली, कारण माझी सासू गेली काही वर्षे अशीच गोळी घेते. ती आजच बंद करावी का?


मनोविकार_धुळे

ताई, कृपया आज बंद करू नका. गोळीचे नाव, मात्रा आणि किती वर्षे सुरू आहे हे कागदावर लिहा आणि त्यांना घेऊन जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा. जाणे लगेच शक्य नसेल तर 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्यांना त्या गोळीसोबत मद्य किंवा दुसरी गुंगीची औषधे दिली जात नाहीत ना, एवढे मात्र आजच पाहा.


वकील_भुसावळ

येथवरच्या चर्चेत एक प्रश्न राहिला आहे : ही एकत्रित नोंद कोण उघडू शकेल?

न्यूयॉर्क राज्याने अशा चिठ्ठ्यांवरील रुग्णांची नावे संगणकात साठवायला सुरुवात केली, तेव्हा त्याला आव्हान दिले गेले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये व्हेलन विरुद्ध रो या खटल्यात राज्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु माहितीच्या सुरक्षेची तरतूद होती, हा त्या निर्णयाचा एक आधार होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 रुग्णाच्या माहितीची गोपनीयता सांगतो आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. म्हणून अशी नोंद करायचीच असेल, तर नुसत्या परिपत्रकाने ती करू नये. तिला नियमांचा पाया हवा.

माझ्या मते ती पाहण्याचा पहिला अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि औषध देणाऱ्या फार्मासिस्टचा असावा. औषध निरीक्षकांना दुकानांचे आणि बॅचचे आकडे दिसावेत. रुग्णांची नावे केवळ विशिष्ट तपासात दिसावीत. पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना नाव दिसू नये. कोणी, कधी, कोणाची नोंद उघडली याचीही नोंद राहावी. लहान गावात “अमक्याची सून झोपेच्या गोळ्या घेते” ही गोष्ट बाहेर फुटली तर त्या घरावर काय गुदरेल, हे खानदेशात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नानांना आदरपूर्वक सांगतो की कायद्याने मवाळपणाची जागा विचारपूर्वक ठेवली आहे. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ नुसार, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. दुसऱ्या बाजूला, ट्रामाडोल 2018 पासून या कायद्याखाली आलेले आहे आणि अल्प्राझोलामही त्याच कायद्याच्या यादीत आहे. हिरा सिंग खटल्यातील 2020 च्या निर्णयानुसार मात्रा मोजताना शुद्ध अंशाचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. त्यामुळे खोक्यांनी माल फिरवणाऱ्यासाठी आजचा कायदा पुरेसा कडक आहे.


केळीपट्टा, रावेर

आमच्याकडील एक गोष्ट कोणाच्याच लिहिण्यात आली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. केळीची कापणी सुरू असली की घड वाहणाऱ्या मजुरांच्या खांद्यावर आणि कमरेवर दिवसभर ओझे असते. त्यांतील काही जण सकाळी चहाबरोबर एक आणि दुपारी भाकरीनंतर एक अशी ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी घेतात. ती त्यांना मेडिकलमधून मिळालेली नसते. गावात बसणारा, कोणतीही पदवी नसलेला ‘डॉक्टर’ ती कागदाच्या पुडीत बांधून देतो. त्या पुडीवर ना नाव, ना मात्रा. मजुराला आपण काय घेतो हेही ठाऊक नसते. काम संपल्यावर गोळी मिळाली नाही की अंग मोडते, घाम सुटतो, जुलाब होतात, आणि तो समजतो की हवा बदलली. अशी माणसे कोणत्या नोंदीत येणार? शिवाय आम्हाला जळगावपेक्षा बऱ्हाणपूर जवळचे वाटते. महाराष्ट्रात नोंदणी कडक झाली तर ही पुडी तिकडून येईल.


गिरणाई, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेमुळे अर्जाचा क्रम बदलला पाहिजे, असे मला वाटते.

शिरपूरकरांचा मुद्दा मी पहिल्या स्थानी ठेवीन. घाऊक विक्रेता ते दुकान हा ताळमेळ घातल्याविना चिठ्ठ्यांची नोंद अपुरी आहे, आणि रावेरच्या पुडीचा उगमही त्याच ताळमेळात सापडू शकतो, कारण पदवी नसलेल्या माणसाकडे पोहोचलेली गोळी कोणत्या तरी परवान्यावरूनच बाहेर पडलेली असते. तरीही चिठ्ठ्यांच्या नोंदीचा आग्रह मी सोडणार नाही. खोक्यांचा ताळमेळ गुन्हेगार शोधील. चोपड्याच्या ताईंच्या सासूबाई मात्र त्यात कधीच दिसणार नाहीत. त्या दिसतील त्या चिठ्ठ्यांच्या नोंदीतच, आणि त्या दिसल्या तरच एखादे डॉक्टर त्यांची मात्रा उतरवायला सुरुवात करू शकतील.

केवळ बंदी पुरत नाही, हेही आपण पाहिले आहे. 2 जून 2023 रोजी केंद्र सरकारने क्लोरफेनिरामाइन आणि कोडीन यांच्या खोकल्यावरील मिश्रणासह 14 औषधमिश्रणांवर बंदीची अधिसूचना काढली. एक मिश्रण यादीतून गेले तरी नशा शोधणारा माणूस तेथेच उभा असतो आणि दुसऱ्या गोळीकडे वळतो. कोणत्या तालुक्यात कोणते औषध एकाएकी वाढले, हे लवकर कळण्यासाठीही एकत्रित नोंद हवी.

राज्यसीमेच्या प्रश्नाला अमेरिकेने 2011 मध्ये वाट काढली. तेथील औषधविक्री मंडळांच्या संघटनेने राज्याराज्यांच्या नोंदी एकमेकींना जोडणारी व्यवस्था सुरू केली आणि त्यामुळे एका राज्यातील डॉक्टरांना शेजारच्या राज्यातील चिठ्ठ्या दिसू लागल्या. आपल्याकडे औषधांचा मूळ कायदा केंद्राचा आणि सर्व राज्यांना एकच असल्याने हे काम तुलनेने सोपे असायला हवे. निदान धुळे-बडवानी, जळगाव-बऱ्हाणपूर आणि नंदुरबार-तापी या जोड्यांतील औषध अधिकाऱ्यांनी घाऊक परवान्यांची यादी परस्परांना द्यावी, एवढी मागणी आजही करता येईल.

मेडिकल_शिरपूर यांना एक प्रश्न विचारते : लहान दुकानदारांना हा दुहेरी लिखाणाचा भार तर होणार नाही ना?


मेडिकल_शिरपूर

मॅडम, भार होईल तो वही आणि संगणक दोन्ही ठेवायला लावले तर. आज तालुक्यातील बहुतेक मेडिकलमध्ये बिलिंगचे सॉफ्टवेअर आहे, त्यात बॅच नंबर, मुदत आणि संख्या आपोआप उतरते आणि डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांचे रकानेही असतात. ते बऱ्याच ठिकाणी रिकामे सोडले जातात, एवढेच. त्याच फायलीतून एच-वनचा भाग वेगळा काढून पाठवता येईल. धडगाव, अक्कलकुवा अशा भागांत नेटवर्क नसते, तेथे आठवड्यातून एकदा पाठवण्याची सवलत द्यावी. आणि जो दुकानदार खरी नोंद पाठवील त्याला त्या नोंदीतील किरकोळ लेखनचुकीसाठी नोटीस येऊ नये. हे लेखी आश्वासन मिळाले नाही, तर लोक ही औषधे ठेवणेच सोडून देतील. मी स्वतः अनुसूची एक्स या याहून कडक यादीतील औषधे ठेवत नाही. त्यासाठी वेगळा परवाना, कुलूपबंद कपाट, दोन प्रतींत चिठ्ठी आणि एक प्रत दोन वर्षे सांभाळणे, हे सर्व करून महिन्याला एखादाच रुग्ण येतो. एच-वनची गत तशी होऊ नये.


सातपुडा, शहादा

ताई, अर्जात मॉर्फिनविषयी स्वतंत्र वाक्य यावे, अशी माझी विनंती आहे. ते इतर मुद्द्यांत मिसळले तर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल.


गिरणाई, जळगाव

दादा, ते वाक्य तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच घेतले आहे. आपण आणि डॉक्टरसाहेबांनी तपासून द्यावे : “वरील नोंदणी सुरू करण्यापूर्वी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मॉर्फिन ठेवणारी किमान एक मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था कार्यरत असावी, तिचे नाव व वेळ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर मराठीत लावावी, आणि कर्करोगाच्या अथवा अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला वैध चिठ्ठीवर औषध नाकारले गेल्यास त्या नकाराचे कारण त्याच चिठ्ठीवर लेखी देणे बंधनकारक असावे.”